मस्टरवरचं नाव

बाबा गेल्यावर वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते, आमच्याकडून ती वर्षभर राहिली. आधी दिवसकार्य, मग वर्षश्राद्ध होईपर्यंत आई कागदाचा विषयच काढू देईना, मग माझी पुण्यातली नोकरी, दादाची बागेची कामं. शेवटी फेब्रुवारीत मी तीन दिवस रजा टाकली आणि गावी गेले. आमचं गाव माणदेशातलं. जून कोरडा गेला तर तिथं कुणी चकित होत नाही, आणि ज्या घरातला एक तरी माणूस मुंबईला गिरणीत नव्हता असं घर सापडणं अवघड.

तलाठ्याच्या पदाचं नाव २०२४ मध्ये बदललं, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात आणि समोर गेलं की भाऊसाहेब. आम्ही मृत्यूचा दाखला, अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधारच्या झेरॉक्स असं सगळं घेऊन बसलो. भाऊसाहेब तरुण होते, पंचविशीचे असतील, कॉम्प्युटरवर बघता बघता त्यांनी विचारलं, वारस कोण कोण? दादा म्हणाला, आई आणि मी.

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

भाऊसाहेबांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आणि ताई? दादा म्हणाला, तिचं हक्कसोडपत्र करून घेऊ ना लगेच, म्हणजे तिला पुन्हा येरझार नको. दादाच्या मनात काहीही वाईट नव्हतं हे मला आधी लिहायचंय, कारण पुढचं वाचून कुणाला तो लबाड वाटेल तर ते खोटं आहे. बाबांचं सगळं आजारपण त्यानं एकट्यानं काढलं. त्याच्या डोक्यात बहिणीचं नाव लावणं हे एक काम आणि ते खोडणं हे दुसरं काम एवढंच होतं, मग दोन कामं कशाला. मी म्हणाले, आधी नाव लागू दे, मग बघू. आई काहीच बोलली नाही, पदर सावरून बसली होती तशीच बसली.

त्या दिवशी मी अजून एक गोष्ट केली, जुने फेरफार बघायला मागितले. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, जमिनीच्या हक्कात जो काही बदल झाला त्याची एकेक नोंद तिथं असते, कोण मेलं, कुणाचं नाव लागलं, कुणी विकलं, कुणी गहाण टाकलं. सातबारा म्हणजे आजचा फोटो म्हणा, फेरफार म्हणजे त्या घराची सगळी गोष्ट. (सातबारा हे नावही दोन नमुन्यांचं आहे, ७ नंबरात मालक कोण आणि १२ नंबरात पीक काय, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तोपर्यंत मी तो शब्द असाच वापरत होते.) आजोबा १९८६ ला वारले. त्या सालची नोंद निघाली. मयत खातेदार, वारस मुलगा, आणि मुलाच्या नावापुढं तीन अक्षरं, ए.कु.मॅ. दोन्ही आत्यांची नावं इतर हक्कात. आणि आज्जी कुठेच नाही.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एकाच्या नावानं सगळ्यांची जमीन. हे तीन अक्षरांचं लेबल महाराष्ट्रातल्या किती सातबाऱ्यांवर बसलंय याची ज्यांनी कधी उतारे बघितलेत त्यांना कल्पना असेल. त्याच्याखाली आया, काकू, बहिणी गप्प बसलेल्या असतात. मुलींना बरेचदा इतर हक्क नावाच्या रकान्यात टाकायचे, त्याच रकान्यात बँकेचा बोजा असतो, सोसायटीचं कर्ज असतं, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा असतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला आणि मुलींना वारस धरलेलं होतं, म्हणजे १९८६ ला आज्जी कायद्यानं वारस होतीच, तीस वर्षं आधीपासून कायदा होता. पण नोंद करताना घरच्यांनी मुलाचं नाव सांगितलं, लिहिणाऱ्यानं लिहिलं, आणि आज्जीला कुणी विचारलंच नाही. खुर्चीत बसलीच नव्हती ती.

मला हे जास्त लागलं कारण ती जमीन आज्जीनंच कसली होती. आजोबा परळच्या एका गिरणीत होते, वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. ८२ च्या संपानंतर कायमचे आले आणि चार वर्षांत गेले. मधली सगळी वर्षं औत धरण्यापासून खळं करण्यापर्यंत बाई एकटी. तिचं नाव त्या गटाच्या कागदावर एकदाही आलं नाही, २००९ ला ती गेली तेव्हाही नाही, कारण जे नाव लागलंच नव्हतं ते कमी करायचा प्रश्न कुठून येणार.

पण आज्जीचं नाव सरकारच्या एका वहीत होतं. आणि त्याचा तिला फार अभिमान होता, लहानपणी मी ती गोष्ट किती वेळा ऐकली असेन याला गणती नाही.

बाहत्तरचा दुष्काळ. आमच्याकडे नुसतं बाहत्तर म्हणलं तरी पुरतं. खरं तर आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिला होता, बाहत्तरला मात्र काहीच उरलं नाही. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचे. बैल विकले, ते विकताना आज्जी घरात आत जाऊन बसली होती म्हणे. मुंबईहून मनिऑर्डर यायची पण पैसे असून धान्य मिळत नव्हतं. रेशनला मिलो यायची, अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी, तिची भाकरी थापता थापता तुटायची, आणि आज्जी शेवटपर्यंत कुठलीही भाकरी बिघडली की म्हणायची, मिलोगत झाली. तेव्हा गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं आणि आज्जी कामावर गेली. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे, थोरली आत्या बारा-तेरा, धाकटी लहान, तिला बरोबर न्यायची.

पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते, जसं ती सांगायची. मस्टर म्हणजे कामावरच्या मजुरांची हजेरीवही.

"मस्टर घीऊन बसला हुता त्यो. मला म्हणला, नाव? मी म्हणलं, माझं का मालकाचं? त्यो म्हणला, खणणार कोण हाय? मी म्हणलं, मीच की. मग तुजंच सांग बाई, म्हणला. मी सांगितलं. मग म्हणला, आता मालकाचं नाव सांग, पुढं लावाय लागतंय. आता ते मी कसं घिऊ? शेजारची म्हातारी हुती रांगंला, तिनं सांगितलं."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून नवऱ्याचं नाव दुसरीनं सांगितलं, आणि स्वतःचं नाव तिनं स्वतः सांगितलं. लग्नानंतर स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायची ती तिची पहिली वेळ असणार, कारण घरात ती कुणाची तरी सून, कुणाची आई, कुणाची वैनी. त्या मस्टरवाल्याला इतिहास वगैरे घडवायचा नव्हता, त्याला मोजायचं होतं. किती माती निघाली, कुणी काढली, कुणाला किती द्यायचं. पण त्या मोजण्यामुळं त्याला विचारावं लागलं की खणणार कोण, आणि तो प्रश्न जमिनीच्या वहीनं आज्जीला उभ्या जन्मात विचारला नाही.

काम कसं चालायचं तेही ती सांगायची. चौकडी आखून द्यायचे, लांबी-रुंदी ठरलेली, खणत खाली जायचं आणि मधे मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, शेवटी मोजणाऱ्यानं येऊन त्या खुंटाची उंची बघायची म्हणजे किती खोल गेलं ते कळतं. खडकाळ जागा वाट्याला आली की दिवसभर मरूनही मजुरी कमी पडायची. पगार आठवड्याचा म्हणायचे, पण तीन-तीन आठवडे यायचा नाही, मग उधारीवर दुकानदार. मुलांना सुकडी मिळायची, ती बाबांना आवडायची, आणि बाबा म्हातारपणीही म्हणायचे की तसली चव पुन्हा कशाला आली नाही. आज्जीच्या सांगण्यात तक्रार होती, उन्हाची, मुकादमाच्या बोलण्याची, उशिरा येणाऱ्या पैशाची. पण पगाराच्या दिवशी अंगठा उठवून पैसे स्वतःच्या हातात घेतले, सासऱ्याच्या हातात दिले नाहीत, हे सांगताना तिचा आवाज बदलायचा.

मोठी झाल्यावर मी यावर वाचलं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढी माणसं मोजायची, त्यांची नावं लिहायची, मजुरी वाटायची, हे एका राज्याच्या महसूल आणि बांधकाम खात्यातल्या लोकांनी कार्बन पेपर आणि सायकलींवर केलं, यात चोऱ्या झाल्या असतील, खोटी हजेरी लागली असेल, तरी माझ्या मनात त्या लोकांबद्दल फार मोठा आदर आहे आणि तो मी लपवणार नाही. कारण याच मुलखात त्याच्या शंभर वर्षं आधी काय झालं होतं ते बघा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आणि मद्रासकडे लाखो माणसं मेली. इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली होती, नाही असं नाही, पण सर रिचर्ड टेंपलच्या हिशेबात मजुराला दिवसाचं एक रत्तल (साधारण अर्धा किलो) धान्य आणि वर थोडे पैसे म्हणजे पुरे. खर्च कमी ठेवायचा हा सगळ्यात मोठा विचार. १८७७ ला मुंबई इलाख्यात मजुरांनी अशी कामं सोडली, संपच म्हणायचा तो, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारला लिहून कळवली. मग कमिशन बसलं, १८८० नंतर फॅमिन कोड झाले, दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामं कधी काढायची, मजुरी किती, हे नियमात आलं. आणि १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून शेतकऱ्यांना तेच सांगितलं की कोडमध्ये तुमचे हक्क लिहिलेत, ते माहीत करून घ्या आणि मागा.

मला हा प्रवास फार महत्त्वाचा वाटतो. दुष्काळ ही देवाची करणी होती, मग ती सरकारची जबाबदारी झाली, आणि मग आमच्या पागेंनी तिला माणसाचा हक्क केलं. आमचे म्हणते कारण वि. स. पागे तासगावकडचे, आमच्यासारख्याच कोरड्या पट्ट्यातले. विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना कळवली, १९६५ ला तासगाव भागात ती करून बघितली, बाहत्तरला ती राज्यभर नेली, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ ला मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

आणि यातली एक गोष्ट जी मला नोकरीला लागून पंधरा वर्षं झाल्यावर कळली. माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीटी म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. व्यवसाय कर. मी कधी विचारच केला नव्हता की हे काय आहे. तर हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. म्हणजे शहरातल्या पगारदारांनी थोडे थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून कोरडवाहू गावातल्या बाईला तिच्या गावाजवळ काम मिळायचं, अशी ती योजना. आज्जी पुढंही वाईट वर्षांत नालाबांधाच्या कामाला जायची, त्या मजुरीत मुंबईतल्या कुठल्या तरी कारकुनाचे चार-दोन रुपये असणार. आता मी पुण्यात बसून दोनशे भरते. हे कळल्यापासून तो आकडा मला टोचत नाही. टॅक्सबद्दल इतकं प्रेमानं कुणी लिहीत नाही हे मला माहितीये, पण मला खरंच तसं वाटतं.

आमच्या घरात लहानपणापासून सरकार हा शब्द दोन प्रकारे यायचा. एक, सरकारनं काय केलं नाही. दुसरा, सरकारी कागद. कागदाला घरात देवासारखं जपायचे, पत्र्याच्या पेटीत, वर लाल फडकं. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जुने उतारे, आजोबांची गिरणीची चिठ्ठी. मला तेव्हा वाटायचं की ही भीती आहे. आता वाटतं की त्यांना कागदाची ताकद आमच्यापेक्षा जास्त कळत होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली तेव्हा त्यांना मुख्यतः हवी होती खतपत्रं, म्हणजे कर्जाचे कागद. ती मिळवली आणि जाळली. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही पक्कं माहीत होतं की आपली जमीन आपल्या नांगरात नाही, त्या कागदात आहे. त्यानंतर चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा करावा लागला.

ती जमीन कागदात गेली कधी? कुलकर्ण्याच्या दप्तरात ती होतीच, मोडीत, रुमालात बांधलेली. पण प्रत्येक शेताला नंबर, त्याची मोजणी, त्याचा आकार म्हणजे सरकारला द्यायचा सारा, आणि तो तीस वर्षांसाठी ठरलेला, ही पद्धत १८३६ च्या सुमाराला इंदापूरपासून सुरू झाली. आधीच्या मोजणीत सारा इतका जास्त बसला होता की लोक जमिनी टाकून गेले, मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजलं. सर्व्हे नंबर हा शब्द तिथून आपल्या तोंडात बसला, नंतर एकत्रीकरण झालं तिथं गट नंबर आला. मोजायचं होतं ते शेतकऱ्यासाठी नाही, साऱ्यासाठी. सारा कोण भरणार एवढंच त्या वहीला हवं होतं, म्हणून एका जमिनीमागं एक नाव पुरलं. मला वाटतं ए.कु.मॅ. चं मूळ तिथं आहे. पैसे मागायला ज्याच्या दारात जायचं त्याचं नाव. मस्टरला उलटं हवं होतं, पैसे कुणाच्या हातात द्यायचे. सरकार घ्यायला येतं तेव्हा घरातलं एक नाव लिहून घेतं आणि द्यायला येतं तेव्हा त्याला प्रत्येक नाव विचारावं लागतं, निदान विचारायला हवं. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी राज्यशास्त्र मला येत नाही.

आणि एकदा लिहिलेलं किती लांब जातं! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा माझ्या ऑफिसातले दोघं-तिघं रजा काढून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले होते. मोडी वाचणाऱ्यांना अचानक दिवस आले, जे आजोबा लोक हौस म्हणून मोडी शिकवायचे त्यांच्याकडे रांग. दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात एक शब्द लिहिला किंवा आळस करून नाही लिहिला, त्यावर आज एखाद्या पोराची अ‍ॅडमिशन. त्या वादात मला इथं जायचं नाही. मला फक्त तो कारकून दिसतो, दौतीत बोरू बुडवून बसलेला, संध्याकाळ झालीये, आणि अजून दहा नावं लिहायची राहिलीत.

आता परत घरात येते. हक्कसोड.

रात्री जेवताना मी दादाला म्हणाले, तू कस, पीक तुझं, मला एक पोतं ज्वारी दे वर्षाला तेवढी बास, पण नाव राहू दे. तो जेवायचा थांबला. म्हणाला, गाव काय म्हणेल, बहिणीनं भावाकडून वाटणी घेतली म्हणतील. मी म्हणाले, घेतली कुठं, नाव लागलंय. तो उठून बाहेर गेला. वहिनी काही बोलली नाही, पण ताट उचलताना माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, तिलाही माहेरी एक भाऊ आणि एक सातबारा आहे.

दुसऱ्या दिवशी थोरल्या आत्याचा फोन आला, बातमी पोचली होतीच. आत्यांची नावं १९८६ ला इतर हक्कात होती ती १९९८ ला हक्कसोडपत्र करून कमी झाली होती, तोही फेरफार मी बघितला होता. आणि गंमत अशी वेळेची, की महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना (त्याआधी लग्न झालेल्या सोडून) वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मानं हक्क दिला होता, देशाच्या कायद्यात ते २००५ ला आलं, आपण त्याच्या अकरा वर्षं पुढं होतो. म्हणजे सरकार नाव द्यायला पुढं आलं होतं आणि घर ते परत घेत होतं, तालुक्याच्या रजिस्ट्रारसमोर, रीतसर, दोन साक्षीदार घालून. मी आत्याला विचारलं, तुम्ही का सही केली? ती म्हणाली, "आगं, सही केली नसती तर दिवाळीला कुठं आले असते? तुझा बाप चांगला हुता, तरी पण. माहेर राहावं म्हणून बाया सही करत्यात." आणि मग थोडं थांबून, "तू नगं करू."

ते तीन शब्द तिनं कुठून काढले मला माहीत नाही. मी फोन धरून तशीच उभी राहिले.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि बऱ्याच गावांत शंभर-शंभर नवऱ्यांनी केलाही. आमच्याकडे ते वारं आलं नाही. आलं असतं तर बाबांनी आईचं नाव लावलं असतं का, हा विचार मी त्या रात्री खूप केला. लावलं असतं असं मला वाटतं. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हणलं नसतं, ते नाही म्हणणारे नव्हतेच. पण विचारायला कुणी लागतं. आज्जीला मस्टरवाल्यानं विचारलं, मला त्या तरुण भाऊसाहेबांनी विचारलं, आणि ताई? दोन शब्द. त्यांना नियमानं विचारावं लागत असेल, त्यांच्या स्क्रीनवर तसा रकाना असेल, मला काही फरक पडत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता नावापुढं आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं राज्य सरकारनं ठरवलंय. त्यावर लोक मेसेज फॉरवर्ड करून हसतात, म्हणतात नाव लिहून काय होतं. माझ्या आज्जीला विचारायला पाहिजे होतं काय होतं ते.

दादा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी मी निघताना एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडीला वेळ होता. त्यानं मोबाइल काढून मला ई-पीक पाहणीचं अ‍ॅप दाखवलं, पिकाचा फोटो स्वतः काढून टाकावा लागतो, पूर्वी तलाठी घरबसल्या लिहायचा आता आपलं आपण. म्हणाला, हरभऱ्याचा फोटो टाकलाय. मग म्हणाला, आता तीन नावं झाली की खात्यावर, पुढच्या वेळी तुला पण फोटो टाकायला लावीन. मी म्हणाले, टाकीन. मग गाडी आली.

नोंद धरल्यावर नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. हरकत कुणी घेतली नाही. मंजूर झाल्याचं कळलं तशी मी पुण्यातूनच ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला, पंधरा रुपये भरून, रात्री साडेदहाला, स्वयंपाकघरात उभं राहून. तीन नावं होती. पहिलं आईचं. ए.कु.मॅ. कुठंही नाही.

आणि आईच्या नावाचं शेवटचं अक्षर नव्हतं. टाइप करताना राहिलं असणार.

पुढच्या शनिवारी मी प्रिंट घेऊन गेले. आई चष्मा लावून बराच वेळ ते पान बघत होती, बोटानं ओळ धरून. मी म्हणाले, तुझं नाव चुकलंय गं, महसूल कायद्यात कलम १५५ आहे, लिहिण्यातली चूक त्याखाली दुरुस्त करून मिळते, तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा, मी लिहून आणलाय, तू सही कर फक्त. तिनं अर्जावर सही केली. आई चौथी शिकलेली, सही करताना वेळ लागतो, प्रत्येक अक्षर वेगळं काढते, शेवटचं अक्षर तिनं जरा जास्तच ठळक काढलं.

मग तो चुकीचा उतारा मी परत फाइलला लावायला हात पुढं केला तर ती म्हणाली, हा राहू दे माझ्याकडं. मी म्हणाले, अगं याचा उपयोग नाही आता, नवीन येईल बरोबर. ती म्हणाली, येऊ दे की. आणि उठून पत्र्याची पेटी उघडली, लाल फडकं बाजूला केलं, रेशनकार्डाच्या खाली ते पान सरळ घातलं, घडी न करता, कोपरे दुमडू नयेत म्हणून वरून हात फिरवला.

अर्ज सोमवारी द्यायचाय. मंगळवारची रजा पण टाकून ठेवलीये, लागली तर.